नऊपैकी नऊ वेळा कपबशी

सर्जेराव डुबल यांनी एकतीस वर्षांत एकही निकाल फिरवला नव्हता. कऱ्हाड तालुक्यातल्या कुठल्याही कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून ते उभे राहिले, की हलगीवालासुद्धा जरा बेतानं वाजवायचा. पाठ टेकली म्हणजे टेकली. मग वस्ताद ओरडोत, पुढारी कानाशी लागोत, नाहीतर पब्लिक चपला फेको, सर्जेरावांचा वर गेलेला हात जेवायच्या वेळीच खाली यायचा. त्यांच्या गावात, पिंपळखोपात, त्यांच्यापुढे चढ्या आवाजात बोलायची कुणाची छाती नव्हती. घरातही नव्हती, अशी त्यांची समजूत होती. आणि त्यांच्या बायकोनं, शालनबाईंनी, ती समजूत एकेचाळीस वर्षं नीट झाकूनपाकून जपली होती.

घरात त्यांचे नियमही पंचाचेच. आमटी तिखटच हवी. बातम्या चालू असताना कुणी बोलायचं नाही. आणि चहा स्टीलच्या पेल्यातूनच. कपबशी ही कारकुनांची चैन आहे, पैलवानाच्या हाताला ती शोभत नाही, असं त्यांनी लग्नानंतर आठ दिवसांत जाहीर केलं होतं आणि तोही निकाल कधी फिरवला नव्हता.

असा हा माणूस आता मिरजेच्या एका इस्पितळात, खुर्चीच्या अगदी कडेला टेकून, आपल्या लेकीपेक्षा लहान डॉक्टरीणबाईंपुढे ‘व्हय मॅडम, बरं मॅडम’ करत बसला होता.

झालं होतं असं, की दिवाळीनंतर शालनबाईंना शब्द सापडेनासे झाले. उलथनं मागायचं तर “ते, ते हे द्या की” म्हणायच्या. सर्जेरावांनी “वय झालं तुझं” असा निकाल देऊन टाकला. मग एका सकाळी तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला तरी शालनबाई तिच्याकडे बघत तशाच बसून राहिल्या. डोळे उघडे, पण हाक ऐकू जाईना. मिनिटभर असं चाललं. सर्जेराव त्या मिनिटभर बायकोवर ओरडत होते. ते ओरडणं आता आठवलं की त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

“काकूंच्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत गाठ आहे,” डॉ. ईशानी केळुसकर पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या. “पण ही गाठ म्हणजे बहुतेक पाणीच. पाण्यानं भरलेली पिशवी म्हणा. तिच्या भिंतीला एका जागी हरभऱ्याएवढा घट्ट भाग आहे, तो पाणी सोडतोय. पाणी साठतं, आजूबाजूचा मेंदू दबतो, म्हणून शब्द हरवतात. नुसतं पाणी काढलं तर ते पुन्हा भरणार. हरभरा जाळायलाच हवा.”

“जाळायचा? डोस्क्यात?”

“लेझरनं. टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत.”

पूर्वी यासाठी कवटीला खिडकी पाडावी लागायची. आता कानाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र पुरत होतं. त्यातून शेवयीएवढी बारीक नळी आत जायची. तिला इथे सगळे ‘धागा’ म्हणत. धागा सरळ भोसकत नसे. मेंदूच्या घड्यांमधून वाकत, वळत, नाजूक जागा टाळत गाठीपर्यंत पोचायचा, पाणी ओढून घ्यायचा आणि मग टोकाशी लेझर पेटवायचा. संध्याकाळी पेशंट उठून बसलेला.

पण शालनबाईंची गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून होती. तिथे आंधळेपणानं जाऊन चालणार नव्हतं. त्यासाठी दुसरं यंत्र होतं, त्याचं नाव ‘श्रोता’. माणूस तोंडानं शब्द बोलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूत त्या शब्दाची जुळवाजुळव झालेली असते. डोक्यावर चढवलेली जाळीची टोपी ती जुळवाजुळव पकडते आणि शब्द पडद्यावर उमटतो, मग माणूस बोलो किंवा न बोलो. ऑपरेशन जागेपणीच करायचं. पेशंटला एकामागून एक चित्रं दाखवत राहायचं. एखादा शब्द आतल्या आत अडखळला, की धागा योग्य वाटेवर नाही हे श्रोता ओळखतो आणि त्याला जागीच थांबवतो.

“म्हंजे मनातलं समदं दिसणार?” सर्जेरावांनी जरा दचकून विचारलं.

“सगळं नाही हो काका. चित्र बघून मनात जे नाव येतं, तेवढंच.”

तेवढंच काही थोडं नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांत अशी बातमी होती, की जयसिंगपूरच्या एका सूनबाईंनी चित्रांच्या यादीत सासूचा फोटो पाहिला आणि चपला घालून थेट स्टँड गाठला.

श्रोत्याला पेशंटचे शब्द आधी शिकवावे लागत. ते काम झुबेर मुजावर करायचे. चाळिशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधणारा मोठा गमतीचा माणूस. यंत्र शहरी लोकांच्या बोलण्यावर तयार झालेलं, त्याला काटवट माहीत नाही, खुरपं माहीत नाही, उखळ दाखवलं तर ते फुलदाणी समजायचं. शालनबाईंनी दोन दिवसांत त्याला सगळं घर शिकवलं. टोपी घालून त्या अशा रुबाबात बसायच्या, की जणू शाळा तपासायलाच आल्यात.

“बरं वाटतंय बघा,” त्या झुबेरभाईंना म्हणाल्या. “कुणीतरी माझं नीट ऐकून घेतंय.”

शेजारी बसलेल्या सर्जेरावांनी हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी घरच्या माणसांचे फोटो दाखवून झाले, आणि डॉक्टर केळुसकरांनी सर्जेरावांना एकट्यालाच आत बोलावलं.

“काका, एक गोष्ट काळजीची आहे. तुमचा फोटो आम्ही नऊ वेळा दाखवला. काकू तोंडानं म्हणतात, ‘आमचे हे’.”

“मग बरोबर हाय की. तसंच म्हणती ती. नाव घेत न्हाई.”

“ते झुबेरभाईंनी सांगितलं मला. तोंडाचं सोडा. मनात जो शब्द जुळतोय तो भलताच आहे. नऊपैकी नऊ वेळा एकच.”

“कोणता?”

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. फेटा बांधलेले, मिशीला पीळ दिलेले सर्जेराव डुबल, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: कपबशी.

सर्जेरावांनी पडद्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. मग आपल्या मागे कुठे कपबशी ठेवलेली आहे का, तेही एकदा वळून पाहिलं.

“कपबशीचं चित्र दाखवलं तरी कपबशी, आणि तुमचा फोटो दाखवला तरी कपबशी,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “नावांची जागा दबून खराब व्हायला लागली की असं होतं. माणूस ओळखीचा असतो, पण नाव दुसऱ्याच वस्तूचं येतं. श्रोत्यानं यावरून निकाल दिलाय, की गाठ नावांच्या वाटेत शिरली आहे. तो धाग्याला आता त्या बाजूनं जाऊच देत नाही.”

“मग?”

“मग कवटी उघडावी लागेल. मोठं ऑपरेशन. आणि त्यानंतर काकू किती बोलू शकतील, मला आज सांगता येणार नाही.”

सर्जेराव बाहेर आले. ऑपरेशनची भीती होतीच, पण तिच्याआधी दुसरंच काही तरी मनाला लागलं होतं. एकेचाळीस वर्षं एका ताटाशेजारी ताट लावून बसलेला माणूस तिच्या डोक्यातून पुसला गेला, आणि त्याच्या जागी काय आलं, तर कपबशी! नांगर नाही, बैल नाही, निदान तांब्या तरी.

तरी पंचाची सवय. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निकाल मानायचा नाही. कँटीनमधून त्यांनी एक रिकामी कपबशी मागून आणली आणि शालनबाईंच्या खाटेपाशी उभे राहिले.

“हे काय हाय?”

“कपबशी.”

मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “आन् हे?”

“काय चाललंय तुमचं? गोळ्या मला दिल्यात का तुमास्नी?”

“शालन, माझं नाव सांग.”

“अगं बाई!” शालनबाईंनी पदर तोंडावर ओढला. “जीभ झडंल माझी. लेकीच्या लग्नात सुदीक घेतलं न्हाई, आन् आता दवाखान्यात घिऊ व्हय?”

ते खरं होतं. आयुष्यात एकदाच, स्वतःच्या लग्नात, उखाण्यात त्यांना नाव घ्यावं लागलं होतं आणि तेव्हाही ‘सर्जे’ म्हणेपर्यंत त्या एवढ्या लाजल्या की ‘राव’ कुणालाच ऐकू गेलं नाही. ते पूर्ण ऐकायचं म्हणून सर्जेरावांनी पुढे कितीतरी संक्रांती आग्रह करून पाहिला होता.

“घे गं एकदा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलताच बारीक झाला. “तू मला इसरलीस, शालन. मशीन सांगतंय. माझा फोटू बघितला की तुझ्या मनात कपबशी येती. गाठ पसरली. आता डोस्कं उघडायचं म्हणत्यात.”

शालनबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला. मग गुलाबी. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि खाट हलेपर्यंत हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

“आवं, गाठीचं न्हवं ते,” शेवटी त्या म्हणाल्या. “ते आपलं पहिल्यापास्नंच हाय.”

“काय पहिल्यापास्नं?”

“तुम्ही मला बघाया आलेला, ओगलेवाडीला. एका अंगाला तुमचं मामा, एका अंगाला चुलतं, दोघं बी पैलवान, मधी तुम्ही. मी च्या आणून दिला. तुम्ही कपबशी हातात घेतली आन् ती वाजाया लागली. किणकिण, किणकिण, किणकिण. समदी गप, आन् तेवढाच आवाज. मामानं तुमच्या मांडीवर हात ठिवला तर जास्तच वाजाया लागली.”

सर्जेरावांनी हातातली कपबशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. या प्रसंगाची त्यांची हकीकत वेगळी होती. ती त्यांनी गावभर सांगितली होती: चहा एका घोटात संपवला, मुलीकडे एकदाच पाहिलं, ‘पसंत’ म्हणून उठलो.

“मला वाटलं, एवढा दांडगा गडी, आन् माझ्याकडं बघून थरथरतोय,” शालनबाई म्हणाल्या. “तवाच ठरवलं, की हितंच जायाचं. तुमचं नाव तर घ्याचं न्हवतं. मग मनात तरी माणसाला काय म्हणायचं? कपबशी म्हणलं. तेच पडलं.”

“एकेचाळीस वर्सं?”

“तुम्ही मैदानात हात वर केला की समदी चळाचळा कापायची. मी लांबनं बघायची आन् मनात म्हणायची, बघा बघा, माझी कपबशी.”

सर्जेरावांना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधलाही, पण सापडेना. ते उगाच खाकरले आणि ‘बघतो’ असं म्हणून बाहेर पडले.

बाहेर आल्यावर खरी अडचण लक्षात आली. हे आता सांगायचं कसं? श्रोत्याच्या निकालावर हरकत घेता येत होती, पण त्यासाठी कारण लिहून, सही करून द्यावं लागे, आणि झुबेरभाई ते मोठ्यानं वाचत यंत्रात भरत. सर्जेराव दहा मिनिटं जिन्याशी उभे राहिले. आयुष्यात कुणाची हरकत त्यांनी ऐकून घेतली नव्हती, आणि आता स्वतःच हरकत घ्यायची, तीही असली! शालनबाईंचं कवटीवर टाके घातलेलं डोकं डोळ्यांपुढे आलं, तेव्हा कुठे ते आत गेले आणि कुस्तीच्या अहवालात लिहायचे तशाच भाषेत त्यांनी लिहून दिलं.

“‘मौजे ओगलेवाडी येथे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात सदर इसमाच्या हातातील कपबशी वाजल्याने,’” झुबेरभाई वाचू लागले, “‘सदर नाव त्यांस कायमचे पडलेले असून ते बरोबर आहे. गाठीचा त्यात दोष नाही.’ वा! पण काका, श्रोता म्हणतोय कारण अपुरं आहे. कपबशी वाजली कशानं?”

“हात हालला.”

“कशानं हालला?”

सर्जेरावांनी दार लोटून घेतलं. “भ्यालो हुतो.”

“काय?”

“भ्यालो हुतो म्हणलं!” सर्जेराव मैदानातल्या आवाजात ओरडले. दार लोटल्याचा काहीही उपयोग झाला नाही. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

डॉक्टर केळुसकरांनी शालनबाईंना स्वतः जाऊन विचारलं, पुन्हा तपासणी केली, आणि यादीत सर्जेरावांच्या फोटोपुढे दोन नावं घातली: सर्जेराव किंवा कपबशी, दोन्ही बरोबर. श्रोत्यानं धाग्याची वाट मोकळी केली. कवटी उघडायची गरज उरली नाही.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी नऊला सुरू झालं. बोलणं जागं ठेवायला घरचं एक माणूस आत बसवायची इथली पद्धत होती, म्हणून हिरवा झगा, टोपी आणि मास्क घालून सर्जेराव शालनबाईंच्या समोर बसले. कुस्तीत फुटलेली नाकं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. पण हे डोकं घरचं होतं. त्यांचा रंग बघून झुबेरभाईंनी त्यांच्या मांडीवर झाकणाचं एक स्टीलचं भांडं आणून ठेवलं.

“उलटी आली तर यात. खाली पडलात तर मात्र तुमचे तुम्ही.”

शालनबाई कुशीवर पडून चित्रं बघत होत्या. कातडी बधिर केलेली, दुखत काहीच नव्हतं. धागा कानावरून आत शिरला. पडद्यावर तो एखाद्या गांडुळासारखा वळणं घेत सरकत होता.

“हे?” झुबेरभाई विचारत. “म्हैस.” “हे?” “परात.” “हे?” “आमचे हे.” आणि खाली पडद्यावर: कपबशी. हिरवा दिवा. ऑपरेशनच्या खोलीतल्या सगळ्यांना आता या शब्दाची सवय झाली होती.

धागा पिशवीत शिरला आणि पाणी नळीतून बाहेर येऊ लागलं, पिवळसर, पातळ. “टपरीवरच्या कटिंगएवढं निघालं,” डॉक्टर म्हणाल्या. सर्जेरावांनी त्या दिवशी कटिंग प्यायचं नाही असं ठरवून टाकलं. दाब उतरताच शालनबाईंचे शब्द झरझर यायला लागले. उलथनं, झारा, पळी, काही अडेना. सर्जेरावांना वाटलं, जिंकलो.

मग लेझर पेटला. हरभरा जळू लागला. पाव गेला, अर्धा गेला.

“हे?”

“खुरपं.”

“हे?”

“सर्जेराव डुबल,” शालनबाई म्हणाल्या.

पडद्यावरही तेच उमटलं: सर्जेराव. हिरवा दिवा लागला, जरा जास्तच लख्ख.

“अरे वा, नाव घेतलं काकूंनी!” डॉक्टर मास्कच्या आत हसल्या. “छान चाललंय.”

सर्जेरावांच्या अंगावर काटा आला. हे नाव ऐकायला ते एकेचाळीस वर्षं थांबले होते. पदर नाही ओढला, अडखळली नाही, लाजली नाही. मतदारयादी वाचावी तसं वाचलं.

“थांबा,” ते म्हणाले. आवाज मास्कमध्येच राहिला. त्यांनी मास्क खाली ओढला. “थांबा! मॅडम, बंद करा ते!”

“काका, श्रोता बरोबर दाखवतोय. बघा, हिरवा आहे.”

“हिरवा आसूंदे! एकतीस वर्सं मी कुणाची हरकत ऐकली न्हाई, पण तुमचा पंच चुकतोय. तिच्या मनात माझं नाव न्हाईच! ते कागदावरचं नाव हाय. ती मला असं म्हणायची न्हाई!”

डॉक्टर केळुसकर एवढ्या लहान वयात एवढ्या मोठ्या खुर्चीवर उगाच बसल्या नव्हत्या. त्यांनी आधी लेझर बंद केला आणि मग विचार केला.

“काकू, हे कोण आहेत?”

“सर्जेराव डुबल. पिंपळखोप.”

“तुमचे कोण?”

शालनबाईंनी सर्जेरावांकडे पाहिलं. लग्नकार्यात ओळख नसलेल्या पाहुण्याकडे आदबीनं पाहावं, तसं. उत्तर आलं नाही. पडदाही कोरा राहिला.

“धागा दोन मिलीमीटर मागे घ्या. गार पाणी सोडा,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. मग थोड्या वेळानं, जणू स्वतःलाच समजावत, “माणसाचं नाव मेंदूत दोन वाटांनी येतं. एक पाठ केलेलं, एक जिव्हाळ्याचं. लेझरची धग दुसऱ्या वाटेला लागत होती. ती बधिर झाली आणि पहिलं नाव पुढे आलं. श्रोत्याला मीच सांगितलं होतं दोन्ही बरोबर म्हणून. काका, अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

“आता येईल का परत?”

“गार झाल्यावर यायला हवं. थांबू.”

थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली. झुबेरभाईंनी फोटो पुन्हा दाखवला. कोरा पडदा. सर्जेराव बायकोच्या डोळ्यांत बघत होते आणि ते डोळे त्यांना ओळखत नव्हते. एवढी भीती त्यांना जन्मात एकदाच वाटली होती. त्यांनी मांडीवरचं भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ओगलेवाडीला कपबशी धरली होती तसं, आणि जेवढं घट्ट धरावं तेवढं त्याचं झाकण काठावर वाजायला लागलं.

किणकिण. किणकिण. किणकिण.

“काका, तेवढं भांडं खाली...” झुबेरभाई म्हणाले आणि मध्येच थांबले.

पडद्यावर काही तरी उमटत होतं. अर्धं उमटलं, पुसलं गेलं, पुन्हा उमटलं. कपबशी.

शालनबाईंच्या कपाळाला आठी पडली. “आवं,” त्या म्हणाल्या, “धरा की जरा नीट. किती थरथरताय! माणसं बघत्यात.”

सर्जेराव डुबल त्या हिरव्या झग्यात लहान पोरासारखे रडले, आणि कोण बघतंय याची त्यांना त्या दिवशी पर्वा नव्हती. उरलेला अर्धा हरभरा डॉक्टरांनी दुसऱ्या अंगानं, तीन मिलीमीटर वळसा घालून जाळला. त्याआधी त्यांनी यादीतलं ‘सर्जेराव’ खोडलं. बरोबर नाव एकच ठेवलं. आणि सर्जेरावांना हुकूम झाला, की भांडं खाली ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. कानावर टिकलीएवढी पट्टी, बाकी काही नाही. सकाळपासून त्यांनी शेजारच्या बाईला लिंबाचं लोणचं तोंडी शिकवून संपवलं होतं. झुबेरभाई शेवटची तपासणी संपवून टोपी काढून घेत होते.

“आवं,” शालनबाईंनी आवाज खाली केला. “मधलं मला कायबी आठवत न्हाई. माझ्या तोंडनं काय वावगं गेलं का?”

“वावगं म्हंजे?”

“तुमचं नाव-बिव तर घेतलं न्हाई न्हवं मी? एवढ्या परक्या माणसांत?”

झुबेरभाईंनी मान वर केली. ऑपरेशनची सगळी नोंद त्यांच्या हातातल्या टॅबवर होती, शब्दन् शब्द.

सर्जेरावांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी मैदानात वर करायचे तसा उजवा हात वर केला.

“न्हाई,” ते म्हणाले. “एकदाबी न्हाई.”

“खरं?”

“मी निकाल दिला की दिला.”

झुबेरभाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि काही न बोलता टोपीच्या वायरी गुंडाळायला लागले. शालनबाईंनी सुस्कारा सोडला आणि पाय लांब केले.

एवढ्यात चहाची गाडी आली. सगळ्यांना कागदी कप मिळाले. सर्जेरावांनी मात्र पिशवीतून, सकाळी समोरच्या दुकानातून आणलेली, निळ्या फुलांची एक कपबशी बाहेर काढली, तिच्यात चहा ओतून घेतला आणि खाटेकडे निघाले. चार पावलांचं अंतर, पण हात पुन्हा सुरू झाला. हाच आवाज नको म्हणून एकेचाळीस वर्षं त्यांनी चहा पेल्यातून घेतला होता. आज त्यांनी दुसरा हात बशीखाली धरलासुद्धा नाही. सगळ्या वॉर्डात किणकिण ऐकू जात होती.

“सांडतंय,” शालनबाई म्हणाल्या.

“सांडूंदे,” सर्जेराव म्हणाले.